दोरेसाहेबांच्या पायाखालची पाचर

५ ऑक्टोबर, रविवार

ही वही फक्त घड्याळाच्या नोंदींसाठी आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना मी मुलींना एकच सांगत असे: प्रयोग करताना दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका. इथेही तेच पाळायचं.

घड्याळ आज सकाळी आलं. लिफ्टमध्ये मावलं नाही, म्हणून चौघांनी जिन्याने वर आणलं. बसवनगुडीच्या घराचा व्यवहार पुरा झाला. माझे भाऊ अण्णा गेल्या वर्षी गेले आणि त्यांच्या पाठोपाठ घरही गेलं. वाटण्यांच्या वेळी मी भांडी, दागिने काही मागितलं नाही. हे एक घड्याळ मागितलं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ते दंडूमधल्या, इंग्रजांच्या छावणीतल्या, लिलावात घेतलं होतं, गोरा साहेब मायदेशी परत गेला तेव्हा. कन्नडात साहेबाला दोरे म्हणतात, म्हणून आमच्या घरी त्याचं नाव पडलं दोरेसाहेब. माझ्यापेक्षा दीड हात उंच, पोटात लंबक आणि दोन पितळी वजनं. जुन्या घरात ते कायम उजवीकडे जरा झुकलेलं असे. पाहुणे म्हणत, ‘तुमचे साहेब सकाळीच घेऊन आलेत वाटतं.’ तिथली जमीन डावीकडे मोरीला उतरती होती, म्हणून कुणीतरी डाव्या पायाखाली फणसाच्या लाकडाची पाचर मारली होती. ती पाचरसुद्धा सुतळीने बांधून आली आहे. माझ्या घरची फरशी सरळ आहे. पाचर सुक्या कचऱ्यात टाकली.

घड्याळाबरोबर वहिनीही आल्या. कार्तिकचा, म्हणजे अण्णांच्या मुलाचा, हेब्बाळचा फ्लॅट तयार होईपर्यंत. त्याचं एचएसआर लेआउटचं भाड्याचं घर लहान आहे आणि माझी एक खोली रिकामीच असते. सोय म्हणून मी हो म्हटलं. पाचर टाकताना त्या बघत होत्या.

७ ऑक्टोबर

दिवसभर घड्याळ उभं केलं. फोनवर पातळी दाखवणारं ॲप आहे, ते लावून चारही बाजूंनी तपासलं. अगदी काटेकोर उभं आहे. वजनं टांगली, लंबक अडकवला, हलका धक्का दिला. चाललं.

पण आवाज बरा नाही. टिक आणि टॉक यांच्यात सारखं अंतर हवं. इथे टिक म्हटल्यावर टॉक लगेच येतो आणि मग साहेब विचार करत थांबतात. लंगडा माणूस जिना चढतो तसं. संध्याकाळच्या आत बंद पडलं.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “प्रवासानं दमलं असंल की वन्सं. माणूस दमत नाही का?”

मी म्हटलं, “यंत्र दमत नाही, वहिनी.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि आमटीत गूळ घातला. मी आमटीत गूळ घालत नाही. हे मी त्यांना आल्या दिवशीच सांगितलं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी दोरेसाहेबांना किल्ली दिली. ही नोंद मला ठळक करायची आहे.

आमच्या घरी किल्ली शुक्रवारी, दिवा लागल्यावर घड्याळाला कुंकू लावून द्यायची, आणि ती घरच्या सुनेने द्यायची. नवी सून माप ओलांडून आत आली की सासू तिच्या हातात कोठीची नाही, घड्याळाची किल्ली ठेवायची. मुलींनी हात लावायचा नाही, कारण मुली परक्या घरच्या. मी नऊ-दहा वर्षांची असताना अप्पांना विचारलं होतं, “हे कुठे लिहिलंय?” अप्पा हसले आणि पेपर वाचू लागले. मी पुढे बी.एस्सी. झाले, जन्मभर मुलींना लंबकाचा नियम शिकवला, आणि माहेरी गेले की वहिनी घड्याळाला किल्ली देत असताना खुर्चीवर बसून बघत राहिले. पद्धत म्हणून जे सांगतात त्यातलं निम्मं कुणाच्या तरी सोयीचं असतं, हे माझं मत तेव्हापासूनचं.

दुपारीच दिली किल्ली. कट्‌कट्‌ आवाज करत वजन वर चढताना हाताला जे कळतं ते बघून कधी कळलं नसतं.

संध्याकाळी दिवा लावून वहिनी हॉलमध्ये आल्या. हातात कुंकवाचा करंडा. मी म्हटलं, “झालं माझं मघाशीच.” “सरी,” म्हणजे बरं, म्हणाल्या आणि करंडा घेऊन परत गेल्या. मग बराच वेळ पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. हात कोरडेच होते.

किल्ली माझ्या कपाटात, कुलपात ठेवली आहे. घड्याळ रात्रीच्या जेवणाआधीच थांबलं.

१४ ऑक्टोबर

लंबकाचा गोळा खालच्या चाकीवर थोडा वर घेतला. फरक नाही. गोळा वरखाली केल्याने घड्याळ पुढे-मागे होतं, लंगडणं थांबत नाही. हे मला माहीत होतं. तरी केलं.

वहिनींच्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटायची, आल्यापासून आपटत होती. दोन दिवस आवाज नाही. काहीतरी खोचलं असेल त्यांनी. चांगलं झालं.

अण्णांचा फोटो लावायला भिंतीत खिळा मारू का, असं विचारत होत्या. माझ्या घरात भिंतीला खिळे नाहीत. मी म्हटलं, दीड महिन्यासाठी कशाला? टेबलावर ठेवा.

“तुमच्या घरात मीठसुद्धा हजेरी देऊन डब्यात बसतं हो वन्सं,” त्या म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं. पण वाक्य चांगलं होतं. दिवसभर मधेच आठवत राहिलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

कार्तिक आणि त्याची बायको हर्षिता फराळाला आले. फ्लॅट पुढच्या महिनाअखेरीस ताब्यात येतोय. तीस नोव्हेंबर, रविवार, कार्तिक गाडी घेऊन येणार.

“आई, सतरावा मजला. पूर्ण लेक व्ह्यू आहे तुझ्या रूममधून,” कार्तिक म्हणाला.

“छान की,” वहिनी म्हणाल्या. “तळ्याकडं बघत बसायचं.”

“आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो की एकदम पीसफुल!” हर्षिता चांगली मुलगी आहे. मनापासून बोलते.

वहिनींनी तिच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.

मला हायसं वाटलं. माझी दिनचर्या या महिन्यात पार बिघडली आहे. सकाळी वहिनींचं धारवाडच्या बहिणीशी फोनवर मोठ्याने बोलणं, डब्यांची झाकणं उघडी, दुपारी मला झोप लागते न लागते तोच हॉलमधून, “वन्सं, झोपलात का?”

दोरेसाहेब बंद होते. कार्तिक म्हणाला, “आत्या, शोपीस म्हणून पण मस्त दिसतं.” मी त्याला वाढताना एक करंजी कमी वाढली.

२७ ऑक्टोबर

दुरुस्तीवाला आला. महांतेश नाव, बेळगावकडचा, मराठी बोलतो. कान लावून ऐकलं, मागची फळी काढली, पुन्हा लावली.

“अक्का, ह्यात बॅटरीचं मशीन घालून देतो. ताप मिटला. टोले पण पडतील, पक्ष्याचा आवाज पाहिजे तर तोही येतो.”

मी विचारलं, “तुमच्या आजोबांच्या पोटात बॅटरी घालाल का?”

“आजोबा न्हाईत आता, अक्का,” तो गंभीरपणे म्हणाला. आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. इतका वेळ हसत होत्या की शेवटी ठसका लागला. मलाही हसू आलं, पण महांतेशसमोर बरं दिसलं नसतं.

जाताना म्हणाला, यंत्र ठीक आहे, कुठेही झीज नाही. मग चालत का नाही? खांदे उडवले.

४ नोव्हेंबर

बंद.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कार्तिकातला शेवटचा सोमवार. वहिनी सकाळी म्हणाल्या, “शेंगांच्या जत्रेला जाऊन येऊ या का? पुढच्या वर्षी हेब्बाळहून कोण आणणार मला?” मला गर्दी आवडत नाही. तरी गेले, कारण मलाही बसवनगुडीत जाऊन काही महिने झाले होते.

बुल टेंपल रोडवर नेहमीसारखे शेंगांचे ढीग, ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. लहानपणी या दिवशी अप्पा आम्हाला परकराच्या ओच्यात शेंगा भरून आणू देत आणि घरी सोप्यावर बसून सगळे फोडत. टरफलं दोरेसाहेबांच्या पायापर्यंत उडायची. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी घड्याळाखालून टरफलं झाडताना कपाळ आपटून घेतलं होतं आणि आईकडे जाऊन म्हणाल्या होत्या, ‘साहेबांनी मारलं.’ आम्ही दोघींनी ते आज एकदमच काढलं. आधी कोण बोललं आठवत नाही.

मग पाय आपोआप गल्लीत वळले. घर पाडायला घेतलंय, वर छप्पर नाही. भिंती कमरेएवढ्या. वॉचमन यल्लाप्पाने वहिनींना ओळखलं आणि आत जाऊ दिलं. सोप्याची लाल जमीन मात्र अजून तशीच आहे, आभाळाखाली उघडी. घड्याळ उभं असायचं तिथे लाल रंग अजून नवा आहे, चौकोनी, कुणी रांगोळी काढायला जागा सारवून ठेवावी तसा.

वहिनी त्या चौकोनाशी खाली बसल्या. मी म्हटलं, साडी मळेल. त्या उठल्या नाहीत. पाणी प्यायला त्यांनी बाटली उघडली आणि बरंच पाणी जमिनीवर सांडलं. मी बोलणार होते. पण पाण्याकडे बघत राहिले.

पाणी मोरीकडे निघालं, पण किती सावकाश! मधेच थांबलं, पसरलं, मग पुन्हा निघालं. म्हणजे उतार अगदी नावापुरता. आणि ती पाचर तर दोन बोटं जाड होती! गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारलेली. साहेब उजवीकडे झुकायचे ते त्यामुळे. मग झुकलेलं घड्याळ इतकी वर्षं नीट कसं चाललं? कारण कुणीतरी जुन्या कारागिराने घड्याळ सरळ करायच्या ऐवजी आतली दांडी, लंबकाला ढकलते ती, झुकावाप्रमाणे वाकवून दिली. त्या वाकड्या दांडीला आता मी काटेकोर सरळ उभं केलं आहे. ते लंगडणार नाही तर काय करणार?

मी हे सगळं तिथेच उभ्या उभ्या वहिनींना समजावून सांगितलं, बहुधा फळ्यासमोर सांगते तसं. यल्लाप्पाही ऐकत होता.

वहिनी म्हणाल्या, “म्हणजे वाकडंच उभं करायचं?”

“होय.”

“तुमच्या घरात?”



१८ नोव्हेंबर

सकाळी महांतेशला फोन केला. दांडी सरळ वाकवता येईल, म्हणतो, पण जुनं पितळ आहे, मोडलं तर त्याची जबाबदारी नाही. मी नको म्हटलं.

मग पाचर आठवली. सुक्या कचऱ्यात टाकून सहा आठवडे झाले. माझ्या हाताने. जेवताना मी तसं बोलून दाखवलं. वहिनी ताटावरून उठल्या, आपल्या खोलीत गेल्या. तिकडे खिडकी धाडकन आपटली आणि त्या पाचर घेऊन आल्या.

“टाकवंना मला,” एवढंच म्हणाल्या. “सासूबाई तिच्यावर पाय ठेवून वेणी घालून घ्यायच्या.”

हात धुतले आणि कामाला लागलो. इथली फरशी सपाट, म्हणून पूर्ण पाचर चालणार नाही, निमुळत्या टोकाने थोडी थोडी आत सरकवायची. मी जमिनीवर पालथी पडून ढकलत होते. वहिनी घड्याळाला कान लावून उभ्या. “स्वल्प… अजून स्वल्प… आता जास्त झालं, मागं घ्या… साकु!”

आणि खरोखर पुरे झालं होतं. टिक. टॉक. मधलं अंतर सारखं. मी पालथी पडलेलीच राहिले. हा आवाज मी ओळखत होते. या आवाजात मी परीक्षांचा अभ्यास केला, तापात पडून राहिले, अण्णांशी भांडले. आईला आता पोळ्यांची घाई होईल असं वाटलं.

घड्याळ उजवीकडे झुकलेलं आहे. स्पष्ट दिसतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस अखंड चाललं. थोडं पुढे जातं, गोळा चाकीवर उतरवला. किल्ली दिली.

वहिनी बॅगा भरायला लागल्या आहेत. अजून बरेच दिवस आहेत, इतकी घाई का, असं मला वाटतं. दुपारी ‘झोपलात का’ विचारलं नाही. मग झोपही लागली नाही.

आमच्या यांना जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. एकटं राहण्याची मला उत्तम सवय आहे आणि तिचा मला अभिमान आहे. हे दिसेल त्यात बसत नाही, पण लिहून ठेवते. आमटीतल्या गुळाबद्दल: थोडा असला तर चालतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घड्याळ उत्तम.

संध्याकाळी दिवा लागल्यावर मी कपाटातून किल्ली काढली आणि वहिनींपुढे धरली. म्हटलं, “आज तुम्ही द्या.”

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे आला नाही. “तुमचं घड्याळ, तुम्हीच द्या की. परवा जाणाऱ्या माणसानं कशाला सवय मोडायची?”

मी म्हटलं, “बॅगांना कुलपं लावलीत का?”

किल्ली मी दिली. कुंकू त्यांनी लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहायला हवं.

कार्तिक जेवणाआधीच आला. बॅगा दारात. अण्णांचा फोटो वहिनींनी साडीत गुंडाळून काखेत धरलेला. मी वाटेसाठी दहीभाताचा डबा दिला. हेब्बाळ म्हणजे काही परगाव नाही, पण आज रविवार, रस्त्यात काय असेल सांगता येत नाही.

“चल आई, गाडी खाली डबल पार्क केलीय.”

वहिनी घड्याळाला नमस्कार करायला वळल्या आणि म्हणाल्या, “अय्यो, वन्सं. तुमच्या साहेबांनी मान टाकली.”

लंबक स्थिर होता. सकाळी मी स्वतः पाहिलं होतं, चालू होतं.

“राहू दे ना, आत्या बघेल,” कार्तिक म्हणाला.

“कसं राहू दे?” वहिनी खुर्चीवर बसल्या. “बंद घड्याळ पाठीमागं टाकून घरच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नसतो. आमच्याकडं पद्धत आहे.”

“आई, प्लीज. मी कधीच ऐकलं नाही हे.”

“तुला कोण सांगणार? तू काय सून आहेस?”

मी टॉर्च घेऊन खाली वाकले. डाव्या पायाखाली पाचर नव्हती. आजूबाजूलाही नव्हती. उठताना वहिनींच्या खोलीचं दार उघडं दिसलं. खिडकी सताड उघडी, बाहेर वारा, आणि खिडकी आपटत नव्हती.

खिडकी आपटते म्हणून पाचर काढली असेल. विसराळू आहेत.

कार्तिक माझ्याकडे वळला. दुसरीत असताना त्याने शाळा बुडवायला तापाचं सोंग केलं होतं तेव्हा बसवनगुडीच्या घरात सगळे त्याला फसले. मी थर्मामीटर आणला. तेव्हापासून त्याला माहीत आहे, आत्या खोटं बोलत नाही आणि कुणाला बोलू देत नाही.

“आत्या, तू सांग. खरंच आहे अशी पद्धत?”

मी त्या घरात जन्मले. पंचवीस वर्षं राहिले. दोरेसाहेब कितीदा बंद पडले असतील आणि आई त्यांच्याकडे न बघता भाजीला गेली असेल. अशी पद्धत कधी नव्हती. कुठेही लिहिलेली नाही.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. काखेतला फोटो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

मी म्हटलं, “होय. आहे.”

कार्तिकचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मग… किती वेळ लागेल रिपेअरला?”

“सांगता येत नाही. जुनं यंत्र आहे. दुरुस्तीवाला बॅटरी घाला म्हणतो.”

“एक-दोन दिवस?”

“कार्तिक,” मी म्हटलं, “तुझी गाडी रस्त्यात उभी आहे. बॅगा आत ठेव आणि जा. दर रविवारी जेवायला येत जा. हर्षितालाही आण. आणि दहीभाताचा डबा घेऊन जा, परत आणून दे.”

तो गेला. वहिनींनी काखेतला फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “कुकर लावू का?”

मी म्हटलं, “लावा. आमटीत गूळ बेतानं घाला.”

खिडकीबद्दल मी काही विचारलं नाही. पाचर संध्याकाळी, दिवा लागल्यावर, जागेवर बसवली. वहिनींनी कान लावला. साकु म्हणाल्या.

१ डिसेंबर

घड्याळ चालू.

सकाळी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून हातोडी आणि दोन खिळे आणले. एक वहिनींच्या खोलीत मारला, अण्णांच्या फोटोसाठी. दुसरा स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर. जुन्या घरात किल्ली तिथेच असे. दोरेसाहेबांची किल्ली त्याला अडकवून ठेवली आहे. शुक्रवार आला की वहिनींना मागावी लागणार नाही.

भिंतीत खिळा मारण्याची सवय नाही. दुसरा जरा तिरका गेला. असू दे.